बंब मोडीत कधी काढायचा?
शिवाजी पार्कातल्या गरम पाण्याची शंभर वर्षं



गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचताना पूर्वी शेळी, शिलाई मशीन, पोरांची फी एवढंच ऐकू यायचं. हल्ली त्यात गिझर आणि सोलरही असतो. त्यासोबत ठरलेले प्रश्नही येतात. "ताई, घरातला बंब अजून चालतोय, मग बदलू का?" "सात वर्षांचा गिझर गळतोय, दुरुस्त करू की नवा घेऊ?" या प्रश्नांचं उत्तर शोधायला आज आपण मुंबईत जाणार आहोत, दादरच्या शिवाजी पार्कला. कारण तिथल्या घरांनी शंभर वर्षांत पाणी तापवायची साधनं तीन-चार वेळा बदलली. ती का बदलली हे कळलं, की आपल्या घरचा निर्णय सोपा होईल.

शिवाजी पार्क म्हटलं की आपल्याला मोठमोठ्या सभा आठवतात, क्रिकेट आठवतं. आपल्यापैकी ज्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात, त्यांनी तर ते मैदान पायांनी ओळखलेलं आहे. पण या वस्तीची गोष्ट सुरू होते एका रोगापासून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट, दाटीवाटीच्या घरांत माणसं पटापट दगावली. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जागी, रुंद रस्त्यांच्या, हवेशीर वस्त्या आखल्या जाऊ लागल्या. पुढे १९२५ साली महापालिकेने इथे सुमारे २८ एकरांचं मैदान तयार केलं. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, ते एका बाईच्या आग्रहामुळे. त्या होत्या महापालिकेच्या सदस्य अवंतिकाबाई गोखले. याच अवंतिकाबाई १९१७ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून बिहारात चंपारणला गेल्या होत्या आणि तिथल्या खेड्यातल्या बायकापोरांत शाळेचं आणि स्वच्छतेचं काम करत होत्या. म्हणजे खेड्यातल्या बाईची अंघोळ, तिची स्वच्छता हा देशाच्या कामाचा भाग आहे, हे त्या काळातही कुणाला तरी कळलेलं होतं.

मैदानाच्या भोवती १९३० आणि १९४०च्या दशकांत तीन-तीन मजली घरं उभी राहिली. गोलाकार गॅलऱ्या, मोठ्या खिडक्या, आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र न्हाणीघर. मुंबईकर अशा घराला ब्लॉक म्हणत. त्याच वेळी जवळच नायगाव, वरळीला बीडीडी चाळी होत्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोपणं. तिथल्या बाईला पाणी तापवायला वेगळी जागा कुठली? स्वयंपाक व्हायचा त्याच शेगडीवर पातेलं चढायचं. गरम पाणी कसं मिळणार हे आधी घरावर ठरतं, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवू या.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईला १८६० साली विहार तलावाचं पाणी मिळालं, १८७९ साली तुळशीचं, १८९२ साली तानसाचं. शिवाजी पार्कच्या पूर्वेला रेल्वेला लागून एक मोठा रस्ता जातो. त्याला लोक अजून तुळशी पाईप रोड म्हणतात, कारण त्या बाजूने तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ गेला. नळ घरात आल्यावर बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पण नळाचं पाणी गार. ते गरम करण्याचं काम तिच्याकडेच राहिलं.

ते काम करायचा तांब्याचा बंब. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी तो आजही आहे. बाहेर पाण्याची टाकी, मधोमध उभी नळी, नळीत जाळ, खाली राखेची जागा, बाजूला तोटी. साधी पण फार हुशारीची रचना आहे ही. चुलीवरच्या पातेल्याला जाळ फक्त खालून लागतो आणि बराचसा आजूबाजूला वाया जातो. बंबात जाळाच्या चारही बाजूंना पाणीच असतं. म्हणून थोड्या जळणात जास्त पाणी तापतं. त्याला मोठं लाकूड चालत नाही, बारीक फोडलेलं लागतं. त्या बारीक लाकडाला नावच पडलं बंबफोड. मुंबईत ते आणि कोळसा वखारीतून यायचा. आपल्याकडे करवंट्या, तुराट्या, गोवऱ्या चालतात.

आता हा बंब कधी बदलायचा, याचा जुन्या लोकांचा हिशेब ऐका. बंब गळायला लागला की तांबटाकडे न्यायचा. पुण्याची तांबट आळी, मुंबईचा तांबाकाटा, ही नावं या कामामुळेच पडली. तांबट आधी पाहायचा, की गळती सांध्यातून आहे की पत्र्यातून. सांधा उकलला असेल तर डाग द्यायचा, बंब पुढे कित्येक वर्षं चालायचा. पण जाळाच्या नळीचा पत्राच झिजून पातळ झाला असेल, तर एका जागी डाग दिला की शेजारी नवं छिद्र पडणार. मग तो बंब मोडीत. त्याचं तांबं वजनावर जायचं आणि ते पैसे नव्या भांड्याला लागायचे. म्हणजे बंब ही घरातली एक प्रकारची ठेवच होती. हा तांबटाचा हिशेब ध्यानात ठेवा. सांधा गेला तर दुरुस्ती, पत्रा गेला तर मोड. पुढे गिझरपाशी तो पुन्हा लागणार आहे.

या हिशेबात एक गोष्ट मात्र कुणी धरली नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, राख काढायची, बंब पेटवायचा, धूर डोळ्यांत घ्यायचा, एकेकाची बादली भरून द्यायची, आणि आपण शेवटी उरलेल्या कोमट पाण्यात अंघोळ करायची. दिवाळीच्या आधी तोच बंब चिंच आणि राखेने घासून लखलखीत करायचा, म्हणजे नरक चतुर्दशीला घर शोभून दिसेल. या सगळ्याला रोज फक्त अर्धा तास धरा. वर्षाचे १८२ तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला, तर जवळजवळ २३ दिवसांची मजुरी. भांडं किती झिजलं ते तांबट पाहायचा. बाई किती झिजली ते पाहायला कुणी नव्हतं.

शिवाजी पार्कातून बंब गेला त्याची कारणं बघा. तिसऱ्या मजल्यावर कोळसा आणि बंबफोड चढवायचं, राख खाली आणायची, आणि धुराने शेजाऱ्यांच्या भिंती काळ्या व्हायच्या. ब्लॉकच्या न्हाणीघराला धुराडं नसायचं. घर बदललं तसं साधन बदलावं लागलं. बंब फुटला म्हणून बदलला असं प्रत्येक घरात झालेलं नाही. चांगले चालू बंबही माळ्यावर गेले किंवा मोडीत निघाले.

त्याच्या जागी आला गिझर. हा शब्द मूळचा आइसलँड देशातला. तिथे जमिनीतून उकळत्या पाण्याचं कारंजं उसळतं, त्याचं हे नाव. आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरीला किंवा राजापूरजवळ उन्हाळ्याला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांच्याच जातीतलं. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन मॉन नावाच्या माणसाने गॅसवर पाणी तापवायचं यंत्र केलं आणि त्याला हे नाव दिलं. मुंबईत कोळशापासून काढलेला गॅस त्याच सुमाराला आला होता. १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. लालबागला गॅस कंपनी लेन नावाची गल्ली आजही त्याची आठवण देते. पण गॅस घरोघरी सहज मिळू लागला तो सिलिंडर आल्यावर. बर्मा शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला.

विजेचा गिझर हा दुसरा प्रकार, आणि त्यामागची गोष्ट आपली, गावाकडची आहे. मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधली आणि १९१५ साली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. त्यानंतर मुळशीला धरणाचं काम निघालं. मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १९२१ साली तिथे मोठा सत्याग्रह झाला आणि त्याचं नेतृत्व केलं पांडुरंग महादेव बापट यांनी. तेव्हापासून ते सेनापती बापट झाले. धरण थांबलं नाही. गावं पाण्याखाली गेली, आणि १९२७ साली भिऱ्याच्या केंद्रातून वीज मुंबईकडे जाऊ लागली. मघाशी ज्या तुळशी पाईप रोडचं नाव घेतलं, त्याचं आजचं सरकारी नाव आहे सेनापती बापट मार्ग. ज्या माणसाने धरणग्रस्तांसाठी तुरुंग भोगला, त्याचं नाव शहराला पाणी नेणाऱ्या रस्त्याला मिळालं. शहरात बटण दाबलं की पाणी तापतं, त्याची किंमत कुठल्या तरी गावाने दिलेली असते. म्हणून वीज वाया घालवायची नाही, हे सांगायचा हक्क आपल्याला इतर कुणाहूनही जास्त आहे.

मात्र वीज घरात आली म्हणून लगेच गिझर चालत नाही. दिव्यांसाठी टाकलेली बारीक वायर गिझरचा भार सोसत नाही. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग हवंच. जुन्या इमारतींत गिझर घेताना आधी वायरिंग बदलावं लागतं. आपल्या घरकुलातही तेच करायचं. गिझरच्या किमतीत वायरिंगचा खर्च धरूनच कर्जाचा अर्ज भरा.

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. गिझर कधी बदलायचा? इथे तांबटाचा हिशेब लावा. गिझरच्या आत एक टाकी असते आणि बाकीचे सुटे भाग. कॉईल, थर्मोस्टॅट, रबरी वायसर, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळे सांध्यासारखे. ते बदलता येतात. टाकी म्हणजे पत्रा. टाकी सडली की गिझर गेला.

गळती दिसली तर आधी मेन स्विच बंद करा. गिझर बाहेरून कोरडा पुसा. प्रत्येक जोडाला कोरड्या कागदाचा तुकडा बांधा. पहिल्यांदा कुठला कागद भिजतो ते बघा. नळाच्या जोडापाशी भिजला तर दुरुस्ती होईल. सगळे कागद कोरडे आणि खालच्या पत्र्यातून थेंब येतोय, तर आतली टाकी फुटली आहे. त्यावर पैसे घालू नका.

दुसरी खूण, तांबडं पाणी. गरम आणि गार दोन्ही नळांतून तांबडं येत असेल तर दोष पाईपचा किंवा वरच्या टाकीचा. गार पाणी स्वच्छ आणि फक्त गरम पाणी तांबडं असेल, तर गिझरची टाकी आतून गंजतेय. तिचे दिवस भरत आले.

तिसरं, पाणी तापायला वेळ लागतो. इथे पुष्कळ जणी फसतात. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला पाऊण युनिटाहूनही कमी वीज लागते, आणि दोन किलोवॅटचा गिझर ते काम १८ ते २० मिनिटांत करतो. पण गावात व्होल्टेज कमी असतं. २३० ऐवजी १७० व्होल्ट आले तर तेवढ्याच पाण्याला ३४ मिनिटं लागतात. यात गिझरचा काही दोष नाही. दुकानदार म्हणाला "जुना झालाय, बदला", तर आधी लाईनमनला व्होल्टेज तपासायला सांगा. व्होल्टेज बरोबर असूनही वेळ लागत असेल किंवा पाणी कोमटच राहत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा कॉईल बघायची. ते बदलून मिळतात.

चौथं, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन-चार थेंब पडतात. पाणी तापलं की फुगतं, ते वाढीव पाणी बाहेर सोडणं हे त्या व्हॉल्व्हचं कामच आहे. त्याला बूच मारू नका. बूच मारलं तर आतला दाब जायला वाट राहत नाही आणि गिझर फुटू शकतो. पण नळातून वाफ येऊ लागली, किंवा पाण्याला हात लावताच मुंग्या आल्या, झटका बसला, तर त्याच क्षणी मेन स्विच बंद. इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करायचा नाही, घरात पाहुणे असोत की दिवाळी असो.

अजून एक फरक नीट समजून घ्या. मुंबईचं पाणी तलावाचं, पावसाचं साठलेलं. त्यात क्षार कमी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच थर गिझरच्या कॉईलवर बसतो. मग पाणी तापताना खडखड आवाज येतो आणि कॉईल जळते. मुंबईच्या नातेवाइकांचा गिझर दहा-बारा वर्षं टिकला म्हणून आपलाही तेवढा टिकेल असं नाही. बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी दिवाळीच्या आधी, बंब घासायच्या दिवसांत, मेकॅनिककडून गिझर आतून साफ करून घ्या. आणि त्याला विचारा, "अॅनोड रॉड शिल्लक आहे का?" ही मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. कांडी संपली की पाणी टाकी खायला लागतं. वेळेवर कांडी बदलली तर टाकीचं आयुष्य वाढतं. सोलरलाही हेच लागू आहे. काचेची एक नळी फुटली तर नळी बदला. टाकी सडली तर मात्र नवीन.

गॅस गिझरबद्दल वेगळं सांगते, कारण तिथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग शुद्ध हरपते. न्हाणीघराला आतून कडी असते, म्हणून बाहेरच्यांना कळतही नाही. गॅस गिझर नेहमी न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आत बसवलेला असेल तर तो चालू आहे की बंद, जुना की नवा, हे बघत बसू नका. त्याची जागा आजच बदला. ज्योत निळी हवी. पिवळी झाली तर वापर थांबवा. कुणी बेशुद्ध पडलं तर दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

हाच नियम बंबालाही लावा. बंद खोलीत बंब किंवा शेगडी पेटवून बाळ-बाळंतीण आत ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे. तोच विषारी वायू कोळशातूनही निघतो. शेक द्या, पण खिडकी उघडी ठेवा.

मग बंब मोडीत काढायचा का? तुमचा बंब अंगणात आहे, धूर घरात येत नाही, जळण बांधावरचं फुकट मिळतं आणि पेटवायचं काम घरातले सगळे वाटून घेतात, तर घाई कशाला? सोलर घेतला तरी पावसाळ्यात तो बंब उपयोगी पडेल. पण जळणासाठी तुम्हाला कोसभर जावं लागतं, धुराने खोकला लागलाय, किंवा रोज पहाटे तुम्हीच एकट्या उठताय, तर बंब शाबूत असला तरी तो बदलायची वेळ झाली आहे. भांडं फुटायची वाट पाहू नका. विकताना तांबं की पितळ ते आधी बघा, दोन ठिकाणी भाव विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या. आलेले पैसे स्वतःच्या खात्यात टाका आणि त्यातूनच नव्याची सुरुवात करा. गिझर घेताना आयएसआयचा शिक्का बघा आणि वीज वाचवणारे तारे मोजा.

गटाच्या पुढच्या बैठकीत अर्ज आला तर तीन प्रश्न विचारा. टाकी गेली की सुटा भाग? दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त आहे का? आणि घरात गरम पाणी काढायला पहाटे कोण उठतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मेकॅनिक देईल. तिसऱ्याचं उत्तर अर्जाच्या कागदावर लिहून घ्या आणि कर्ज मंजूर करताना तेही मोजा.

आपल्या घरचा बंब किती वर्षांचा आहे, तो कुणी आणला, कुणाच्या लग्नात आला, हे घरातल्या सासूबाईंना, आजीला विचारून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सांगा. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.